पाच जादा मेथड्सचं प्रकरण

"मी नुसता टीम लीडर नाही, मी तपासनीस आहे. कोडच्या दोन ओळींमधली मोकळी जागासुद्धा माझ्यासमोर घडाघडा बोलायला लागते," असं भिंगसाहेब प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायचे. जुनी माणसं तेवढ्यात पाणी प्यायला उठायची. भिंग मात्र खरंच होतं, पितळी दांड्याचं. ते स्क्रीनवर धरलं की अक्षरं जाऊन नुसते रंगीत ठिपके दिसतात. भिंगसाहेबांना त्या ठिपक्यांतही हेतू दिसायचा.

शेजारच्या टेबलावर टेस्टर बसायची. अ‍ॅप कुठे मोडतं ते शोधायचं आणि भिंगसाहेबांचं मन न मोडता त्यांना सांगायचं, असं तिचं दुहेरी काम. बहिणीला मुलगी होऊन चाळीस दिवस झाले, तरी ही मावशी अजून तिला बघायला गेली नव्हती. दोन दिवसांच्या रजेचा अर्ज तिनं तीनदा दिला, आणि भिंगसाहेबांनी तीनदा "हातातलं प्रकरण मिटू दे" म्हणून परत केला. आज सकाळीच बहिणीचा फोन आला होता.

"काही घाई नाही हं. ती दहावीला बसली की ये अभ्यास घ्यायला."

थोडक्यात, आज पाचच्या आत अ‍ॅप बाहेर पडलं तरच उद्या टेस्टर बाहेर पडणार.

अ‍ॅप होतं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिक लोकांचं. त्यात एकच नवं बटण घातलं होतं, 'माणूस आत अडकलाय'. ते घातलं आणि अ‍ॅपच अडकलं. अ‍ॅपमधलं प्रत्येक बारीक काम म्हणजे एक मेथड. फोनला एका गठ्ठ्यात पासष्ट हजार पाचशे छत्तीस मेथड्स चालतात, त्यावर एकही नाही. इथे पाच जास्त झाल्या होत्या.

"दोन गठ्ठे करू या, सर," टेस्टर म्हणाली.

"मेकॅनिकांचे फोन बघितलेस का? दोन गठ्ठे उघडेपर्यंत लिफ्टमधला माणूस जिन्यानं खाली येईल."

"मग नको असलेल्या पाच काढून टाका."

"पाच काढून प्रश्न सुटेल गं. गुन्हा सुटणार नाही." भिंगसाहेबांनी बाह्या दुमडल्या. "कोणीतरी या पाच आत घुसवल्यात. आतलाच माणूस आहे."

पहिला संशय डिझायनरवर गेला. तिनं बटण लाल केलं होतं.

"लालच का?" भिंगसाहेबांनी डोळे बारीक केले.

"धोका आहे म्हणून."

"म्हणजे धोका आहे हे तुला आधीपासून माहीत होतं."

"सर, मी चित्रं काढते. मेथड कशाशी खातात तेही मला माहीत नाही."

"हेच तर सराईत माणूस म्हणतो," असं वहीत लिहून भिंगसाहेब परत आले.

दुसरा सिद्धान्त असा, की लांब नावांच्या मेथड्स जागा जास्त खातात. दोन तास खपून त्यांनी तीनशे नावं आखूड केली. आकडा जागचा हलला नाही. फक्त कोडमध्ये आता कोण काय करतंय हे कोणालाच कळेना.

तिसऱ्या सिद्धान्तात गेल्या वर्षी नोकरी सोडून गेलेला माणूस आला. त्यानं जाताना सगळ्यांना पेढे न देता नुसतं "येतो" म्हटलं होतं. 'येतो' म्हणजे काय, यावर अर्धा तास गेला.

मग भिंगसाहेबांनी चोर पकडायला स्वतः एक मोजणी यंत्र लिहिलं आणि अ‍ॅपमध्येच बसवलं. ते चालवलं, तर आकडा अकरानं वाढला.

"बघ, टोळी आहे," ते हळूच म्हणाले.

"सर, त्या अकरा तुमच्या आहेत."

"हं. म्हणजे टोळीनं मलाही वापरलं."

साडेतीन वाजले. केबिनच्या दारातून मालक, म्हणजे मोठे साहेब, डोकावून गेले. दुसरं काही सुचेना म्हणून टेस्टरनं एक भलतीच साधी गोष्ट केली. अ‍ॅपमध्ये बाहेरून आणलेल्या तयार कोडची यादी असते. ती तिनं पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. इतक्या वर्षांत ती यादी सगळ्यांनी वाढवली होती, वाचली कोणीच नव्हती.

एकतिसाव्या ओळीवर ती थांबली. फोटोतला चेहरा ओळखून त्यावर टोप्या, चष्मे, मिश्या चिकटवणारी लायब्ररी. एकटीच्या मेथड्स एकोणीस हजार. लिफ्टशी संबंध शून्य. शेजारी कोणीतरी लिहून ठेवलं होतं, 'तात्पुरतं. उद्या काढणे.' त्या 'उद्या'ला दोन वर्षं झाली होती.

तारीख बघून टेस्टरला हसू फुटायला लागलं. मोठ्या साहेबांचा पन्नासावा वाढदिवस. त्या दिवसापासून अ‍ॅप उघडलं की साहेबांचा फोटो यायचा आणि त्यावर झुपकेदार, टोकं वळवलेली मिशी. ती निघेपर्यंत चार दिवस मेकॅनिक लोक साहेबांना फोनवर "सुभेदार" म्हणत होते. साहेब भयंकर भडकले होते. चौकशी अर्थातच भिंगसाहेबांकडे गेली, आणि महिनाभरानं अहवाल आला, 'बाहेरचा हात'.

ओळ कोणी लिहिली ते एका क्लिकवर दिसतं. टेस्टरनं क्लिक केलं.

"सर, सापडला."

भिंगसाहेब खुर्चीसकट सरकत आले. स्क्रीनवरचं नाव त्यांनी दोनदा वाचलं.

"हे नाव बनावट वाटतंय," ते म्हणाले.

"तुमचंच आहे, सर."

"म्हणूनच तर म्हणतोय."

टेस्टरनं ओळ पुसली. गठ्ठा सेहेचाळीस हजारांवर उतरला, बटण लागलं, आणि चार वाजून दहा मिनिटांनी अ‍ॅप रवाना झालं. मोठे साहेब बाहेर आले.

"झालं म्हणतात. कोण होतं मग?"

भिंगसाहेब भिंगाची काच पुसायला लागले. टेस्टर शांतपणे ड्रॉवर उघडत होती.

"तपास चालू आहे, साहेब," ती म्हणाली. "सर आता एक सही करणार आहेत, ती झाली की सांगते काय ते."

साहेब मान हलवून केबिनमध्ये गेले. अर्ज टेबलावर आला. भिंगसाहेबांनी न वाचता सही ठोकली आणि तो तिच्याकडे सरकवला. तिनं तो उचललाच नाही.

"आता काय राहिलं?"

"दोनच दिवस लिहिलेत, सर. मिशी चार दिवस होती."

भिंगसाहेबांनी केबिनच्या दाराकडे बघितलं. मग दोन खोडून चार केलं.