हरकतदार हजर आहे का?

अण्णाजी देवघऱ्यांच्या घरी मी चार महिने चुलीचा धूर खात जेवलो आणि एक दिवस त्या धुराचा वचपा काढला. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

धूर खावा लागे, कारण माझं पान 'औद्योगिक क्षेत्रात' मांडलेलं असे. गोरखपूर मोहल्ल्यातल्या त्या दोन खोल्यांची अण्णाजींनी रीतसर नगररचना केली होती. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, रोज सकाळी रांगोळीने हद्दी आखत. पिवळ्यात राहणं, जांभळ्यात कारखाना, म्हणजे चूल, आणि हिरव्यात मोकळी जागा, म्हणजे ओसरी. पिवळ्यात बसून कोणा शेजारणीने शेंगा सोलल्या की अण्णाजी कडाडत, "वहिनी, हा उद्योग झाला! तिकडं सरका!"

ही बाधा त्यांना माझ्यामुळेच झाली. मी नगर नियोजनाच्या ऑफिसात नकाशे रंगवत असे. शहराचा कच्चा आराखडा भिंतीवर लावून आम्ही लोकांच्या हरकती मागवल्या होत्या. लोक फिरकले नाहीत. अण्णाजी मात्र फॅक्टरीला सुट्टी असली की सायकलवर हजर. "सरकार आपल्याले विचारून राहिलं, भैया! आजवर कोणी विचारलं होतं?" त्यांच्याकडे जेवणाची सोयही माझी अशीच झाली.

मग बांगलादेशच्या लढाईची हवा सुरू झाली. दारूगोळ्याच्या फॅक्टऱ्यांचं शहर, म्हणून नकाशा कुलपात गेला. हरकती मागवणारी पाटी मात्र दारावर तशीच राहिली. न दिसणाऱ्या नकाशावर हरकत घ्यायची कशी, हे मला कळेना आणि साहेबांनाही कळेना. अण्णाजींनी मार्ग काढला. त्यांनी स्वतःच्या घराचा आराखडा केला आणि हरकतींसाठी दाराला बिस्किटांचा डबा टांगला.

खिडकीजवळचा कोपरा पांढऱ्या रेघेत होता. 'आरक्षित'. तिथे एक ट्रंक आणि एक वळकटी. धूर तिथवर पोचत नसे. त्यांचा मुलगा फौजेत आहे, एवढं मी ऐकून होतो. लढाई पेटल्यापासून त्याची पत्रं थांबली होती, पण त्या घरात ते कोणी बोलत नसे. मीही विचारलं नाही.

लढाई संपल्यावर महिन्याभराने मी डाव्या हाताने चिठ्ठी लिहून डब्यात टाकली. 'आरक्षित जागा विनावापर पडून आहे. जनतेसाठी मोकळी करावी. एक नागरिक.'

रविवारी सुनावणी झाली. अण्णाजी, काकू, शेजारचे तिवारीजी आणि मी. अण्णाजींनी चिठ्ठी वाचली.

"अरे अण्णाजी, किसीने मज़ाक किया है," तिवारीजी म्हणाले. "फाड़ो और चाय पिलाओ."

"काहून फाडू? हरकत आली म्हणजे आली." ते काकूंकडे वळले. "तुमचं म्हणणं?"

"माझं म्हणणं काय विचारून राहिले?" काकू म्हणाल्या. "तो येईन तं बसन कुठं?"

अण्णाजींनी चष्मा पुसला. "हरकतदार हजर आहे का?" तीनदा विचारलं. मी पायाची नखं बघत राहिलो. मग त्यांनी मलाच विचारलं, "भैया, तुम्ही ऑफिसातले. नाव नसलं तर काय करता?"

आमच्याकडे निनावी अर्ज सरळ केराच्या टोपलीत जात. मी तेवढंच सांगायचं होतं.

"विचार करावाच लागतो," मी म्हणालो. असं का म्हणालो, मला आजही नीट कळत नाही. पकडला जाईन ही भीती असावी.

"अच्छा," अण्णाजी म्हणाले. "हरकत मान्य."

संध्याकाळी माझं पान खिडकीजवळ मांडलं होतं. "बसा भैया, आता ही जागा जनतेची."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जाताना त्यांच्या दारावरून गेलो, तर अण्णाजी ओसरीवर गोणपाट अंथरून घोंगडीत मुटकुळं करून पडलेले. जानेवारीची थंडी. मी आत डोकावलो. पिवळ्या हद्दीत, त्यांच्या बाजेवर, मुलाची वळकटी उलगडून अंथरली होती. ट्रंक उशाशी.

"अण्णाजी, इथं?"

"हिरव्या पट्ट्यात बांधकाम नाही चालत," ते कुडकुडत म्हणाले. "झोपलं तर चालते."

पुढे मुलगा 'बेपत्ता', एवढंच कळवणारं फौजेचं पत्र आलं. अण्णाजी शेवटपर्यंत ओसरीवरच झोपले. त्या बाजेवर कोणी झोपलं नाही.

काकू आता महाराजपूरला बहिणीकडे असतात. सायकलने अर्ध्या तासाची वाट आहे. चिठ्ठी माझी होती आणि मी सांगितलेला नियम खोटा होता, ही दोन वाक्यं मी त्यांना समोर बसून सांगायची आहेत. अजून सांगितलेली नाहीत.