शितप सरांचं फ्रेंच

"सर, पोरीला स्पॅनिश एकदम झकास शिकवलंत तुम्ही," असं म्हणून खंडू पिलणकरने घरी येऊन चॉकलेटचा डबा शितप सरांच्या हातात ठेवला, तेव्हा वार्षिक परीक्षेला बरोब्बर चार दिवस उरले होते.

"फ्रेंच," सरांनी मायेने दुरुस्ती केली. पालकांना पोरांचे विषय आठवत नाहीत, हा त्यांचा तेहेतीस वर्षांचा अनुभव होता. त्यातून खंडू मालवाहू बोटीवर नोकरीला; आठ महिन्यांनी कालच रत्नागिरीत घरी आलेला.

"नाय ओ सर, स्पॅनिश."

"अरे, तुझी पूर्वी माझ्या फ्रेंचच्या वर्गात आहे. स्पॅनिश संध्या मॅडमकडे."

"वर्ग कुठचा ते मला ठाऊक नाय. पण सकाळी उठली नि मला बोलली, ब्युएनोस दियास. आमच्या बोटीवर कोलंबियाचा कुक हाय, तो रोज चहा देताना हेच बोलतो. मग आमी बापलेक अर्धा तास बोलत बसलो. बायको आपली बघतेय, ह्यांना झालंय काय!"

"फ्रेंचमध्येही तसंच म्हणत असतील," सर म्हणाले. डबा मात्र त्यांनी खाली ठेवला.

"नाय सर. फ्रान्सला चार वेळा बोट लागली आमची. तिकडचा माणूस बोलला तर मला एक अक्षर कळत नाय. तुमचं फ्रेंच मला सगळं कळतं." आणि खंडूने असं अपराधी तोंड केलं, की जणू कळणं ही त्याचीच चूक होती.

सरांना घाम फुटला. त्याचं कारण गेल्या आषाढात होतं. शाळेचा पट घसरला म्हणून मुख्याध्यापकांनी फाटकावर 'येथे फ्रेंच व स्पॅनिश शिकवले जाते' असा फलक लावला, आणि फलक लागल्यावर शिक्षक शोधायला घेतले. संध्या मॅडमनी कॉलेजात स्पॅनिशचा कोर्स केलेला होता, त्यांना स्पॅनिश मिळालं. फ्रेंच शितप सरांना मिळालं, कारण इतिहासाच्या तासाला त्यांनी फ्रेंच राज्यक्रांती एकोणीस वेळा केली होती.

दोन पुस्तकं पुण्याहून एसटीच्या टपावरून आली. वाटेत कव्हरांचा आणि पहिल्या पानांचा लगदा झाला. धाकू शिपायाने ती स्टाफरूममध्ये दोरीवर वाळत घातली, ब्राउन पेपरची कव्हरं चढवली आणि अंदाजाने एकावर फ्रेंच, दुसऱ्यावर स्पॅनिश असं लिहिलं. आतल्या पानांवर भाषेचं नाव जागोजागी छापलेलं होतं. पण ते त्याच भाषेत असल्यामुळे सरांना कळायला मार्ग नव्हता. त्यांनी 'फ्रेंच' लिहिलेल्या पुस्तकाच्या तेवीस झेरॉक्स काढल्या, आणि वर्षभर ते निष्ठेने मुलांच्या एक धडा पुढे राहिले. फ्रेंच उच्चार फार अवघड, असं त्यांनी ऐकलं होतं. इथे तर लिहिलंय तसं वाचलं की झालं! लोक उगाच बाऊ करतात, असं त्यांचं मत पडलं. चाचण्यांचे पेपर ते स्वतःच काढत, स्वतःच तपासत आणि निकाल पाहून स्वतःच चकित होत.

वार्षिक पेपर मात्र पुण्याच्या संस्थेकडून येणार होता. फ्रेंचचा.

सर तडक शाळेत गेले. स्टाफरूममध्ये संध्या मॅडम एकट्याच वह्या तपासत होत्या. सरांनी पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं. "मॅडम, ही कुठली भाषा?"

मॅडमनी पुस्तकाकडे पाहिलं, मग पंख्याकडे. "सर, चहा सांगू का?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं!"

"पहिल्याच दिवशी कळलं. फ्रेंचचं माझ्या हातात आलं ना! मी माझ्यासाठी दुसरं मागवलं."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"वाटलं, तुमच्या लक्षात येईलच. आठवडाभर वाट बघितली. तेवढ्यात तुम्ही प्रार्थनेला माईकवरून फ्रेंच सुविचार सांगायला लागलात. त्याच्या आधी बोलले असते तर मदत झाली असती, सर. माईकनंतर तो अपमानच झाला असता."

सरांनी खुर्ची ओढून घेतली. "रोज सांगत होतो हो मी सुविचार!"

"छान असायचे. स्पॅनिश म्हणून एकही चूक नसायची."

या प्रशस्तीने सरांना काडीचाही धीर आला नाही. अब्रू गेली तर गेली, दोन वर्षांनी निवृत्तच व्हायचं होतं; पण तेवीस पोरांचं वर्ष? ते उठले आणि मॅडम "सर, ऐका तरी!" म्हणत असताना नववीच्या वर्गात शिरले.

"मुलांनो," त्यांनी टेबलाला धरून सांगितलं, "मी तुम्हाला वर्षभर जे फ्रेंच शिकवलं, ते फ्रेंच नाही."

वर्गात कोणी हललंसुद्धा नाही. मग पूर्वी पिलणकर उभी राहिली. "ठाऊक आहे, सर."

"काय?"

"गणपतीच्या आधीपासून. ऋत्विकने मोबाईलला धडा दाखवला, तर मोबाईल बोलला, स्पॅनिश."

"मग फ्रेंच? सोमवारी पेपर आहे!"

"ते संध्या मॅडमच्या घरी, दर शनिवारी दुपारी. त्यांच्याकडे आलेलं पुस्तक होतंच, त्याही आमच्याबरोबर शिकल्या. संपलं पण. दोनदा उजळणी झाली."

"म्हणजे तुम्ही दोन्ही भाषा…"

"हो सर. फ्रेंच पेपरसाठी. स्पॅनिश तुमच्यासाठी."

सरांना बोलायला एकाही भाषेतला शब्द सुचेना. शेवटी मराठी आली. "अरे, पण मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तुम्ही परत पहिल्या धड्यापासून धरलं असतं," मागून ऋत्विक म्हणाला.

"गप रे!" पूर्वीने त्याला दटावलं. "तसं नाही, सर. तुम्ही एवढ्या हौसेने शिकवत होतात. कोणाच्याने सांगवेना."

निकाल लागला. तेवीसच्या तेवीस पास, एकही ऐंशीच्या खाली नाही. मुख्याध्यापकांनी सरांना बोलावून घेतलं, तेव्हा सगळं कबूल करायचं ठरवूनच सर आत गेले. पण मुख्याध्यापकांचा चेहरा फारच गंभीर होता.

"शितप सर, तुम्ही शाळेचं नाव काढलंत, आणि मी तुमच्यावर अन्याय करतोय. संध्या मॅडम हट्ट धरून बसल्यात. म्हणतात, पुढच्या वर्षी मला फ्रेंच द्या आणि सरांना स्पॅनिश. त्या तरुण आहेत, त्यांचं ठीक आहे. पण तुम्ही एवढ्या कष्टाने एक भाषा कमावलीत, आता या वयात पुन्हा नवी म्हणजे…"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत डोळ्यांवर चढवला.

"अवघड आहे," ते म्हणाले. "पण शाळेसाठी करीन प्रयत्न."

मुख्याध्यापकांना गहिवरून आलं. "तयारीला पंधरा दिवसांची भरपगारी रजा देतो."

परकी भाषा पंधरा दिवसांत कशी व्हायची, अशी सरांनी रास्त शंका काढली, आणि एक महिना मंजूर करून घेतला.