सात नंबरची खोली आणि दादरचं पीठ

मुलाचं गणित बरोबर आलं की त्र्यंबकनाना अस्वस्थ व्हायचे. चुकलं तर फुली मारून मोकळे. बरोबर आलं की वही उजेडात धरायची, मागचं पान उलटायचं, शेजारच्या मुलाची वही मागवायची आणि मग स्टाफरूममध्ये येऊन माझ्या कानाशी म्हणायचं, "सर, हाई बरोबर शे. यामा कायतरी शे!" म्हणजे यात काहीतरी गोम आहे.

दोंडाईच्याच्या शाळेत ते माझ्या बरेच आधी लागलेले. वर्गात अगदी पुस्तकी मराठी बोलायचे, आणि संशय आला की अहिराणी. म्हणजे दिवसभर अहिराणीच. चहा गोड लागला तर दूध नासलेलं असणार. शिपायानं वाकून नमस्कार केला तर त्याला रजा हवी असणार. एकदा शिंदखेड्याला एसटी अगदी वेळेवर आली, तर नाना चढेनात. "टाइमवर येनी? यामा कायतरी शे." मी चिडून चौकशीच्या खिडकीशी गेलो. ती आधीची गाडी निघाली, तासभर उशिरा आलेली! पुढं वर्षभर ते मला ही गोष्ट ऐकवत होते.

चौऱ्याऐंशी साली नानांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्या. मूलबाळ नव्हतं. घरात संशय घ्यायलासुद्धा कुणी उरलं नाही, म्हणून माझ्या वाट्याला ते जास्त येऊ लागले.

शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात धुळ्याला गणित शिक्षकांचं शिबिर होतं. मुक्कामाची सोय तिथल्या शाळेतच होती. पण नानांनी हट्ट धरला तो एका जुन्या लॉजचा. साहेबाच्या काळातला दगडी बंगला, करकरणारा लाकडी जिना, छताला हातानं ओढायच्या पंख्याच्या कड्या अजून तशाच. तिथल्या सात नंबरच्या खोलीत भूत आहे, असं ज्याच्या त्याच्या तोंडी होतं. साहेबाच्या पोरांची आया म्हणे. पहाटे येते आणि झोपलेल्याचं पांघरूण सारखं करून जाते.

"नाना, बरी सोय सोडून भुताकडे कशाला?"

"छडा लावना शे," नाना म्हणाले. मी भित्रा आहे, पण नानांना एकटं सोडणं बरं दिसेना, म्हणून गेलो.

मॅनेजर म्हातारा आणि अतिशय नम्र होता. तेवढ्यानंच नानांचे डोळे बारीक झाले. "ती कुणाला त्रास देत नाही हो," तो म्हणाला. "फक्त पांघरूण घालते."

"इतली फुकट सेवा?" नाना मला म्हणाले. "यामा कायतरी शे."

खोलीत जाताच त्यांनी गादी उलटली, उशीत बोटं खुपसली, कपाटामागे काठी फिरवली. दाराला कडी घातली, वर पाण्याची बादली टेकवली. मग पिशवीतून एक डबा काढला. त्यात दादरचं पीठ होतं, आमच्याकडच्या रब्बी ज्वारीचं, घरून आणलेलं. आपल्या खाटेभोवती त्यांनी ते चाळणीनं बारीक, एकसारखं पसरलं. गणिताच्या माणसाचं काम, कुठं ढीग नाही की फट नाही. कुणी आलं तर पाऊल उमटणार. मॅनेजरला पकडायची ही तयारी बघून मला हसू आवरेना. शेवटी त्यांनी स्वतःची घोंगडी मुद्दाम पायथ्याशी सारली आणि त्या कडाक्याच्या थंडीत नुसत्या सदऱ्यावर आडवे झाले. मी डोक्यावरून रजई ओढली.

पहाटे जाग आली. नाना गुडघे पोटाशी घेऊन कुडकुडत झोपले होते. मला कसंसंच झालं. अर्धवट झोपेत उठलो, त्यांच्या अंगावर घोंगडी नीट घातली आणि परत येऊन पडलो. पीठबीठ काही ध्यानात राहिलं नव्हतं.

उजाडलं तेव्हा नाना खाटेवर बसले होते. घोंगडीचं टोक मुठीत, नजर खाली. पिठात एक पाऊल स्पष्ट उमटलं होतं. मी माझा पांढरा पाय घाईनं रजईत ओढला.

"नाना, ते..."

"थांबा सर. पुसू नका."

घोंगडीचं टोक न सोडता ते बोलू लागले. "तुमनी काकू गयी, तव्हय आम्ही तेरावाले पीठ मांडेल व्हतं. वर टोपलं, जोडे दिवा." आमच्याकडची ही रीत मला ठाऊक होती: तेराव्याला पीठ पसरून वर टोपलं झाकायचं, शेजारी दिवा ठेवायचा. गेलेलं माणूस घराकडे फिरलं की पिठात काहीतरी उमटतं म्हणतात. "सकाळी बठ्ठा पाव्हना वाकी वाकी देखेत. एक रेघबी उमटनी नई. माले वाटनं, रुसीसन गयी. जलमभर तिनावर संशय लिधा मी." त्यांनी घोंगडी छातीशी ओढली. "पन रातले मी पांघरून लाथाडू. ती उठीसन रोज घाले. रोज."

मॅनेजर, छडा, सगळं तिथंच विरून गेलं. पाऊल माझं आहे हे सांगावं की नाही, मला कळेना. नऊ नंबरचं, रुंद, पुरुषी पाऊल होतं ते. बरोबर आलेल्या गणितावर विश्वास न ठेवणारा माणूस त्याच्याकडे एकटक बघत होता, आणि एकही प्रश्न विचारत नव्हता.

मग नाना उठले. त्या पावलाला वळसा घालून त्यांनी बाकीचं पीठ कागदानं गोळा केलं. बादली बाजूला केली, कडी काढली. माझ्याकडे पाठ करूनच हळूच म्हणाले,

"सर, पाय धुई ल्या. मॅनेजर देखी तं त्याले वाटी, यामा कायतरी शे."