सामाईक गंगाळ

“साहेब, तुमाले नेमका आजार कोणता हाय?”

दारूबंदी सप्ताहाच्या समारोपाला पाहुण्यांना हे विचारून दाखव, असं माझ्या मैत्रिणींनी, शकुन आणि मनकर्णानं, मला डिवचलं होतं. मी भर सभेत विचारलं. पाहुणे माझेच वडील होते: खुशालराव, अकोल्याच्या कचेरीतले हेडक्लार्क आणि दारूबंदी प्रचार समितीचे चिटणीस. त्यांनी छातीवर हात ठेवून गंभीरपणे सांगितलं, “धडधड.” टाळ्या पडल्या.

आपल्या राज्यात बंदी दारूला आहे, आजाऱ्याला नाही. डॉक्टरनं दाखला दिला की परमिट मिळतं. समितीचे चारही सभासद असे दाखलेबाज आजारी. बाबांना ब्रँडी, हेडमास्तर पुंजाजींना रम, दाखले देणाऱ्या डॉक्टर पंजाबरावांना स्वतःच्याच सहीनं जिन आणि दारूबंदी इन्स्पेक्टर सूर्यभान यांना व्हिस्की.

अडचण एवढीच, की आपल्या परमिटची बाटली दुसऱ्याला पाजणं गुन्हा, आणि प्रत्येकाचा जीव दुसऱ्याच्या बाटलीत. म्हणून समारोप आटोपून त्या दुपारी आमच्या बैठकीत ठराव झाला: ‘प्रत्येकाने आपले औषध सामाईक भांड्यात ओतावे. मिसळल्यावर ते कोणाचेच राहत नसल्याने कोणी कोणास पाजले, असे म्हणता येणार नाही.’ अनुमोदन इन्स्पेक्टरसाहेबांचं.

भांडं म्हणून आंघोळीचं पितळी गंगाळ आलं, नवी कल्हई केलेलं. बाटल्या पगाराच्या उतरत्या क्रमानं रिकाम्या झाल्या. चांदूर बाजारची दोन डझन संत्री मी पिळली, लिंबू, साखर आणि बर्फ घातला, मोठ्या पळीनं ढवळलं. पेल्यात ते बरं दिसत नाही, म्हणून चहाच्या कपबशा मांडल्या.

पहिल्या कपाला पुंजाजींना देशातल्या तरुण पिढीची काळजी लागली. दुसऱ्याला गरिबांचे संसार दारूपायी बुडतात म्हणून डॉक्टर रडले. तिसऱ्या कपाला सूर्यभानसाहेबांना आठवलं, की सप्ताह आज संपतो आणि केस एकही नाही.

तानुबाई आमच्याकडे भांडी घासते. तिनं गंगाळ राखेनं लख्ख केलं आणि ओल्या हातांनी ती घरी निघाली. साहेब पायरीवर हवा खात उभे होते. त्यांनी तिचे हात हुंगले. चारही जातींचा वास.

“परमिट हाय काय?”

“नाही जी.”

“काही आजार?”

“नाही जी. चांगली धडधाकट हाओ मी.”

गुन्हा शाबीत झाला.

“साहेब, या मालकायचंच गंगाळ घासून राहिली होती मी,” ती म्हणाली. साहेबांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी ठरावाचा कागद काढला आणि मिश्रण समितीपैकी कोणाचंच नाही, हे वाचून दाखवलं. मग ज्याच्या हाताला वास, त्याचा माल. तानुबाईला ठाण्यात नेलं. तिची दोन लेकरं आमच्या ओट्यावर बसून राहिली. उद्या तिला कोर्टात उभी करणार, आणि दंड भरायची ऐपत नसली की तीन महिने.

वास माझ्याही हातांना होता. पण हेडक्लार्कच्या पोरीचे हात कोण हुंगतो? वाचकहो, तुमचेही कोणी हुंगणार नाही, म्हणून तर तुम्ही इथवर मजेनं वाचत आलात.

जेवताना आई म्हणाली, “तू मधात पडू नको. बाबाची नोकरी हाय, तुह्या मॅट्रिकचा फारम पुंजाजीच्या सहीसाठी अडून हाय.” बाबा म्हणाले, ठराव एकमतानं झालाय, त्याला आता काही करता येत नाही.

मी ताट सरकवलं.

“आई, बाबा, उद्या अकरा वाजता मी कोर्टात जाणार. गंगाळ कोणाचं, कप कोणाचे अन् पळी कोणाच्या हातात होती, सगळं सांगणार. डॉक्टरकाकांना माझ्या आजाराचा दाखला लिहू देऊ नका. मी धडधाकट आहे.”