उमाकाकूंची करवंटी

उमाकाकूंच्या घरात धूळसुद्धा विचारून बसायची, असं त्या स्वतःच सांगत. एकतीस सालच्या पावसाळ्यात रत्नागिरीत हाडमोड्या ताप आला आणि म्युनिसिपालटीचा काशीराम घरोघरी साठलेलं पाणी तपासत फिरू लागला. काकू दारातच म्हणाल्या, "डास आणि माझ्याकडे? चुकून आले तरी लाजून परत जातील!"

आणि नेमक्या माडाखालच्या करवंटीत अळ्या वळवळत होत्या! काशीरामनं करवंटी पालथी केली आणि वहीत काकूंचं नाव लिहिलं. अळ्या सापडल्या त्या घरी दर गुरुवारी फेरी, सलग दोनदा घर स्वच्छ निघालं की बंद, असा नियम. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण गुरुवारी तो आला, दोन घावनं खाऊन गेला, आपल्या आईबद्दल बोलला. काका जाऊन सात वर्षं झाली होती. मुलगे मुंबईला, आणि पावसाळ्यात बोट बंद म्हणजे मुलगेही बंद. काकू बोलायच्या त्या मांजराशी, आणि तेही हल्ली उठून जायचं. जाताना काशीराम म्हणाला, आज घर स्वच्छ आहे, पुढच्या गुरुवारीही तसंच निघालं की माझी कटकट संपली.

मग काय! काकूंनी स्वतःच्या हातानं करवंटीत पाणी भरलं आणि अळ्या अगदी लोणच्यासारख्या जपल्या. काशीराम यायचा, करवंटी पालथी करायचा, रागवायचा आणि घावन खायचा. असा श्रावण गेला.

भाद्रपदातल्या एका गुरुवारी तो आलाच नाही. घावनं गार झाली. शेजारच्या गंगानं सांगितलं, तापानं भाड्याच्या खोलीत एकटाच पडलाय. माझ्याच अळ्यांनी पोराला खाल्लं, म्हणत त्यांनी करवंटी फोडली आणि पेज घेऊन धावल्या.

"काशीराम, करवंटी मीच भरत होते रे."

"ठाऊक आहे, काकू. दर गुरुवारी एकाच करवंटीत अळ्या सापडतात का कुठे?"

त्याच्या कपाळावर पट्टी ठेवायला काकू कोपऱ्यातल्या बादलीकडे वळल्या, आणि बघतात तर बादलीत अळ्यांची जत्रा! साऱ्या गावाची भांडी तपासणाऱ्याची बादली तपासायला कोणीच नव्हतं.

काकूंनी बादली मोरीत पालथी केली. मग उशाजवळची वही उघडून वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं: काशीराम. अळ्या सापडल्या. दर गुरुवारी फेरी.