झुडपामागचा डबा

पेट्रोल कसं सांभाळावं हे मला कुणी शिकवू नये! विमा कंपनीत मी आगीचे दावे तपासतो. जळालेलं गोदाम नुसतं हुंगून मी सांगतो, आग कुठून लागली आणि मालक कुठे खोटं बोलतोय. झाकण सैल? नामंजूर. डब्यावर नाव नाही? नामंजूर! डबा हिटरशेजारी? नामंजूर, आणि वर माझं भाषण फुकट.

म्हणून सासऱ्यांनी त्यांचं गवत कापायचं यंत्र माझ्या अंगणात उतरवलं तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "बाबा, निर्धास्त राहा!"

(एक मिनिट. गॅस बंद आहे का, बघून येतो.)

(बंद आहे. पुढे.)

सासऱ्यांनी उभा जन्म जहाजांच्या इंजिन-रूममध्ये काढला. आता ते बंगला विकून फ्लॅटमध्ये निघाले होते. मुली दोन, जावई दोन, यंत्र एक. ते यंत्र त्यांनी इतकं जपलेलं की सासूबाई त्याला 'सवत' म्हणायच्या.

"टाकी कोरडी करून दिलीय," ते म्हणाले. "पेट्रोल साधं आणा, ताजं आणा. तेल मिसळायचं नाही, ते करवतीच्या इंजिनाला. महिना व्हायच्या आत येतो. पहिल्या झटक्यात सुरू झालं तर तुमचं. नाही झालं तर थोरल्या जावयांचं."

थोरले जावई म्हणजे माझे साडू. त्यांच्याकडे हिरवळ नाही. बाल्कनी आहे, आणि तिच्यात प्लॅस्टिकचं गवत. तरी हा माणूस त्या दिवशी मान तिरकी करून म्हणाला, "बाबा, आमच्याकडे जागा होईल हो!" लग्नापासून सासरच्या प्रत्येक कौतुकात पहिला नंबर त्यांचा. हे यंत्र मला मिळायलाच हवं होतं. गवत गेलं उडत!

पंपावर गेलो.

"यात इथेनॉल किती?"

"गाडी पुढे घ्या."

"गाडी नाही, डबा आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, लहान इंजिनाला सोसत नाही, म्हणून विचारतो. हे ताजं कधीचं?"

"साहेब, पेट्रोल आहे, पाव नाही!"

मागच्या रांगेने हॉर्न वाजवून त्याला अनुमोदन दिलं.

खरी आग घरी लागली. बायको कमरेवर हात ठेवून दारात. "यंत्र राहू दे. पेट्रोल फाटकाच्या आत आलं तर मी फाटकाच्या बाहेर! पंप कुठे पळून चाललाय का? ऐन वेळी आणा."

"बरोबर आहे तुझं," मी म्हणालो. पेट्रोल तोवर झुडपामागे पोचलंही होतं.

जागा उत्तम! सावली, वारा, घरापासून लांब. डबा धातूचा, लाल, झाकण घट्ट, आत वाफेसाठी थोडी मोकळी जागा. फक्त त्यावर मोठ्या अक्षरांत 'पेट्रोल' लिहिलेलं, आणि बायकोची नजर चांगली आहे. म्हणून मी माझ्या जुन्या पायजम्याची एक तंगडी कापून डब्याला गवसणी घातली.

हो. डब्यावर नाव नाही. नामंजूर. ठाऊक आहे!

(पुन्हा जाऊन आलो. बंदच आहे.)

मग जीव थाऱ्यावर राहीना. ऑफिसात टेबलावर राख दिसे. रोज संध्याकाळी मी हळूच झुडपामागे जायचो, झाकण जरासं फिरवायचो, डोळे मिटून हुंगायचो, झाकण आवळायचो आणि सुटकेचा श्वास सोडत परत यायचो. यंत्र सुरू करून बघावं असं मनात यायचं. पण ठिणगी! मी ते नुसतं पुसायचो. हळूहळू नाकाला दुसरा वास येईनासा झाला. चहाला पेट्रोलचा वास, उशीला पेट्रोलचा वास.

"आई, तुला वास येतोय का गं कसला?" मी आईला विचारलं.

"मला कुठला वास यायला! त्या तापात नाक गेलं ते गेलंच," आई म्हणाली आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच हातचा गेलोय.

त्याच सुमारास हिरवळीच्या मधोमध एक पिवळा डाग उमटला. बघता बघता सतरंजीएवढा! "कीड," मी म्हणालो. बायको म्हणाली, "ऊन." आई काहीच म्हणाली नाही.

सासरे आले. बरोबर साडूही. यंत्र न्यायला टेम्पो घेऊन! बायकोने विचारलं, "पेट्रोल आणलंत?" मी म्हणालो, "मघाशीच," आणि झुडपामागून डबा काढला.

"डब्याला पायजमा का?" साडू.

"उन्हाने तापू नये म्हणून."

टाकी भरली. दोरी धरली. मनातल्या मनात सगळ्या नामंजूर केलेल्या माणसांची माफी मागितली आणि ओढली.

फुस्स!

पुन्हा. फुस्स! साडूंनी खिशातून टेम्पोची किल्ली काढली. मी ओढतोय, ओढतोय, खांदा माझी साथ सोडून निघालाय, आणि यंत्र म्हाताऱ्या म्हशीसारखं ढिम्म.

सासऱ्यांनी मला बाजूला केलं. टाकीत बोट बुडवलं, हुंगलं, अंगठ्यावर चोळलं.

"जावईबापू, हे पाणी आहे."

मी आधारासाठी मिळेल ते पकडलं. "इथेनॉल! बाबा, मी पंपावर बोललो होतो! ते हवेतलं पाणी ओढतं!"

"ओढतं ना. पण डबाभर?"

मग पायरीवरून आईचा आवाज आला.

"त्याला काही बोलू नका, व्याहीबुवा. पाणी मी भरलंय. पोराला दारूचं व्यसन लागलं हो!"

"काय?" हे आम्ही सगळेच.

"शेजारच्या घड्याळवाल्यांनी स्वतः पाहिलं. रोज झुडपामागे जातो, बाटलीसारखा डबा उघडतो, डोळे मिटतो, आणि बरं वाटून परत येतो. चोरून पायजम्यात लपवून ठेवलेला! मी सगळं ओतून दिलं. झाडांना नको म्हणून मधोमध, गवतावर."

सगळ्यांच्या माना एकदम पिवळ्या सतरंजीकडे वळल्या.

"आई, ते पेट्रोल होतं!"

"म्हणजे," बायको सावकाश म्हणाली, "पेट्रोल फाटकाच्या आत होतं."

यापेक्षा दारू परवडली असती!

सासऱ्यांनी खाली बसून टाकी उपसली, फडक्याने एकेक भाग पुसला, आजाऱ्याचं अंग पुसावं तसा. मग उठून हिरवळीकडे पाहिलं. "कापायला उरलंय तरी काय तुमच्याकडे?" साडूंनी टेम्पोचा मागचा दरवाजा उघडला. यंत्र गेलं. प्लॅस्टिकच्या गवताकडे.

मी पायरीवर बसलो. कुंपणावरून घड्याळवाले काका डोकावले. डोळ्याला भिंग तसंच लावलेलं.

"काका, शोभतं का तुम्हाला? मी पितो म्हणून आईला सांगितलंत?"

"साहेब, तक्रार म्हणून नाही हो. रोज बघायचो. वाटायचं, आज हाक मारतील, उद्या मारतील. शेजारी माणूस एकटा बसलाय आणि तुम्ही एकटेच घेताय. वाईट वाटलं, म्हणून आईंजवळ बोललो." ते जरा जवळ सरकले. "आणि एक सांगू? राग मानू नका. परवा न राहवून मीच कुंपण ओलांडून एक घोट घेतला. दुकानदाराने तुम्हाला फसवलंय. उग्र वास आहे, पण आत नुसतं पाणी! सांगणारच होतो, पण म्हटलं, तुमचं समाधान होतंय तर कशाला मोडा?"

त्यांनी तो घोट आई ओतून मोकळी झाल्यावर घेतला, आधी नाही, एवढ्यावरच मी देवाचे आभार मानले.

(आता यंत्र नाही, पेट्रोल नाही, तरी आत्ता पुन्हा उठून गॅस बघून आलो. बंद आहे. चालू करायला घरात कुणी नाही. आई आणि बायको, दोघी यंत्र बघायला साडूंकडे गेल्यात.)