टॅन्टी विडाच्या पळ्या

बोटीवर एखादी दोरी काहीही काम न करता नुसती ताठून बसलेली दिसली, तर तिला जरा कामाला लावावं, एवढंच ऑझबर्टने ठरवलं. ठरवताना त्याच्या मनात कुणाचंही वाईट नव्हतं. (त्याच्या मनात कधीच कुणाचं वाईट नसतं. जे काही वाईट होतं ते हातून होतं.)

ऑझबर्ट हिल्सबरोच्या पोस्टात कारकून. जन्म ग्रेनेडातल्या जायफळाच्या डोंगरात, त्यामुळे समुद्र ही लांबून बघायची गोष्ट आहे असं त्याचं लहानपणापासूनचं मत. पण लग्न केलं ते कॅरियाकू बेटावरच्या विंडवर्ड गावात, जिथे पोरं चालायच्या आधी सुकाण धरतात. सासरे कॅप्टन फर्गस बोटी बांधण्यात गावात पहिले. आणि बायको आयोना! तिच्याबद्दल बोलताना ऑझबर्टचा आवाज आपोआप खाली यायचा, चर्चमध्ये येतो तसा. ती नुसतं पाण्याकडे बघून वारा कधी फिरणार ते सांगायची. ऑझबर्टला वारा फिरल्याचं टोपी उडाल्यावर कळायचं.

त्या वर्षी कॅप्टन फर्गसचा खांदा धरला होता. त्यामुळे ऑगस्टच्या शर्यतीत ‘रोझमंड’चं सुकाण कोण धरणार, यावर गावभर चर्चा चालली होती. ‘रोझमंड’ म्हणजे म्हाताऱ्याचा जीव. स्वतःच्या हाताने बांधलेली, बायकोचं नाव दिलेली, आणि शिडाच्या तळाशी जो लांबलचक आडवा वासा असतो तो एका अखंड खोडातून तासलेला. सगळ्यांना वाटत होतं सुकाण पुतण्याला, म्हणजे रँडलला मिळणार. रँडलला तर वाटून झालंही होतं. पण कॅप्टनने शुक्रवारी जेवताना माशाचे काटे काढत काढत जाहीर केलं,

“सुकाण आयोना धरेल.”

आयोनाच्या हातातला घास हातातच राहिला. या एका वाक्याची ती किती वर्षं वाट बघत होती, हे ऑझबर्टला ठाऊक होतं. झोपेतसुद्धा तिचा हात सुकाण धरल्यासारखा हलायचा. (दोनदा ऑझबर्टच्या नाकाला लागलाही होता.)

“पण एक सांगतो,” कॅप्टन म्हणाले, “बोट जशी देतोय तशीच रविवारी शर्यतीच्या रेषेवर यायला हवी. एक ओरखडा दिसला, तर सुकाण रँडलकडे.”

शर्यतीच्या संध्याकाळी गावजेवण. तेव्हा अंगणात मोठमोठ्या कढया चढतात, बकऱ्याचं कालवण होतं, आणि मक्याच्या पिठाचा कूकू घोटायला वल्ह्याएवढ्या लाकडी पळ्या लागतात. तसल्या पळ्या फक्त आयोनाच्या आत्याकडे, टॅन्टी विडाकडे. ती राहते समोरच्या पेटीट मार्टिनिक बेटावर. शनिवारी दुपारी आयोना म्हणाली, “चल, ‘रोझमंड’ घेऊनच जाऊ. पळ्याही येतील, सरावही होईल.”

“मी येऊ?” ऑझबर्टने भीतभीत विचारलं.

“ये की. टॅन्टीशी गप्पा मारायला कुणीतरी हवंच.”

जाताना सगळं ठीक झालं. टॅन्टी विडाने चारही पळ्या पोटच्या पोरी सासरी पाठवाव्यात तशा दिल्या. “माझ्या सासूच्या सासूच्या आहेत. एकीलाही धक्का लागला, तर ऑझबर्ट, बाळा, तुझं कालवण करीन.”

येताना वारा थेट पाठीमागून. शीड एका बाजूला पूर्ण पसरलेलं, वासा पाण्यावर बाहेर काढलेला. वाशाच्या टोकापासून एक दोरी पुढे नाळेपर्यंत, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापर्यंत, नेऊन आयोनाने घट्ट बांधली आणि नवऱ्याला समजावलं, “वारा पाठीमागून असला की शीड कधी दुसऱ्या बाजूला पळेल, नेम नाही. पळालं तर हा वासा आपल्या डोक्यावरून सणसणत जातो. म्हणून ही दोरी. कळलं?”

“कळलं,” ऑझबर्ट म्हणाला. तो त्या वेळी टोपलीतल्या तळलेल्या पावांत मासा आहे की नुसतंच लोणी आहे, ते बघत होता.

थोड्या वेळाने पळ्या फळ्यांवर इकडून तिकडे लोळायला लागल्या. ऑझबर्टच्या डोळ्यांपुढे टॅन्टी विडा आणि ते कालवण उभं राहिलं. या जगात त्याला एकच गोष्ट उत्तम यायची, ती म्हणजे पार्सल बांधणं. त्याने बांधलेलं पार्सल लंडनपर्यंत जाऊन पुन्हा परत आलं तरी गाठ ढिली व्हायची नाही. आता दोरी हवी. इकडेतिकडे बघितलं, तर नाळेपाशी ही एक दोरी, चांगली लांब, चांगली जाड, आणि मघापासून नुसती ताठून बसलेली.

त्याने ती सोडली.

पळ्यांचा असा काही सुरेख गठ्ठा बांधला की त्याचा त्यालाच अभिमान वाटला. गुडघ्यावर बसून गठ्ठ्यावर थोपटत तो ओरडला, “आयोना, बघ तरी!”

आयोनाने बघितलं. तेवढ्यात मागून एक लाट आली, बोटीची पिछाडी उचलली गेली, नाळ जरा फिरली, आणि वारा शिडाच्या नको त्या बाजूला शिरला.

“खाली!”

ऑझबर्ट खालीच होता. (त्याच्या हयातीतली ही एकमेव वेळ, की तो जिथे असायला हवा तिथे आधीच होता.) वासा डोक्यावरून गेला आणि त्याची गवती टोपी घेऊन गेला. मग तो पलीकडे डोलकाठीला बाजूने ताणणाऱ्या जाड तारेवर आदळला आणि नारळाचं झाड मोडावं तसा आवाज झाला.

अखंड खोडातून तासलेल्या त्या वाशाला मधोमध हातभर लांब चीर पडली होती. शीड जसं फुगे तशी ती उघडझाप करत होती.

“ती दोरी...” आयोना हळूच म्हणाली.

“पार्सलला वापरली,” ऑझबर्ट म्हणाला. “रिकामीच होती गं.”

“रिकामी?” आयोनाने त्याच्याकडे बघितलं. “ऑझबर्ट, आपल्या घराचं छप्पर तोलून धरणारा खांब पण दिवसभर रिकामाच उभा असतो. तो नको हं काढूस.”

बस, एवढंच. दुसरी कुणी असती तर नवऱ्याला तिथेच पाण्यात ढकलला असता. आयोना उठली, मोठं शीड सरसर खाली घेतलं, चिरलेला वासा कापसात ठेवल्यासारखा बोटीवर निजवला आणि पुढच्या लहान शिडावर ‘रोझमंड’ गावाकडे नेली. वाटेत एकदा तिने मनगटाने डोळे पुसले. ऑझबर्टला वाटलं, टोपीऐवजी वाशाने आपलं डोकंच नेलं असतं तरी चाललं असतं.

धक्क्यावर रँडल पाय सोडून बसला होता. “काय रे डोंगरी, वासा का झोपलाय?”

“दमलाय,” आयोना म्हणाली आणि बोट सरळ बापाच्या बोटी बांधायच्या छपरापाशी नेली.

कॅप्टन शर्यतीच्या बैठकीला हिल्सबरोला गेले होते आणि सकाळी परतणार होते. ऑझबर्ट म्हणाला, “मी सांगतो त्यांना. माझीच चूक.”

“सांगण्यापेक्षा लाकूड शोध,” आयोना म्हणाली.

मग तिने जे केलं ते ऑझबर्टने तोंड उघडं ठेवून बघितलं. तिने पातळ पाचरी ठोकून चीर अजून उघडली (ऑझबर्टने डोळे मिटले), आतला भुसा फुंकून काढला आणि पार तळापर्यंत सरस सोडला. पाचरी उपसल्या, तशी चीर मिटली. आता चहूबाजूंनी आधार द्यायला काठ्या हव्यात, हाड मोडल्यावर बांधतात तशा. छपराखालची लाकडं तिने एकेक करून ठोकून पाहिली. ही ओली, ही गाठाळ, ही उद्याच मोडेल. मग तिची नजर फिरत फिरत एका ठिकाणी थांबली.

“नको,” ऑझबर्ट म्हणाला.

“पिढ्यान्‌पिढ्या वाळलेलं लाकूड आहे. एक गाठ नाही. दांडे सरळ.”

“आयोना, ती माझं कालवण करेल!”

“कशाने ढवळेल?” आयोना म्हणाली.

वाशाच्या चारी अंगांना चार पळ्या लागल्या आणि वरून दोरी गुंडाळायला सुरुवात झाली. दोघं दोन बाजूंनी ओढत होती. काही वेळाने आयोना थांबली, ऑझबर्टच्या गाठी बोटाने दाबून बघितल्या आणि म्हणाली, “हे मात्र मला नसतं जमलं.” ऑझबर्ट एवढा फुलला की पुढची गाठ चुकली. आयोनाने ती पुन्हा बांधून घेतली.

रविवारी सकाळी कॅप्टन फर्गस आले. बोटीला एक चक्कर मारली आणि वाशापाशी थांबले. दोरीच्या वेटोळ्यातून चार पळ्यांची पाती चार दिशांना कान टवकारून बाहेर आलेली. मागे रँडल हसू दाबत उभा.

“कुणी मोडला?”

“मी,” दोघंही एकदमच म्हणाली.

“दोरी मी सोडली,” ऑझबर्ट पुढे झाला. “तिने बजावलं होतं मला.”

“सुकाण माझ्या हातात होतं, आणि मी दुसरीकडे बघितलं,” आयोना म्हणाली. “बोटीवर झालं ते माझ्याकडून झालं, बाबा.”

“आणि बांधला कुणी?”

“मी. गाठी ह्याच्या.”

कॅप्टनने वाशावर बरा खांदा टेकून सगळं अंग टाकलं. वासा कुरकुरलासुद्धा नाही. म्हातारा बराच वेळ गाठींवरून हात फिरवत राहिला. रँडल खाकरून म्हणाला, “काका, तुम्ही म्हणाला होता, एक ओरखडा जरी दिसला तर...”

“दिसला तर,” कॅप्टन म्हणाले. “मला कुठे ओरखडा दिसतोय? मला पळ्या दिसतायत. जा, शिडाची दोरी धर.”

शर्यतीत ‘रोझमंड’ला बघून अख्खा किनारा हसला. फक्त एकजण हसली नाही. गावजेवणासाठी आलेली टॅन्टी विडा कमरेपर्यंत पाण्यात उतरून ओरडत होती, “अगं माझ्या पळ्या! आयोने, लवकर आण! पाण्याला उकळी फुटलीय!”

वाऱ्यावर चढताना बोट कलते, तेव्हा उंच बाजूला वजन लागतं, आणि वजनाच्या बाबतीत ऑझबर्ट कमी पडणारा माणूस नव्हता. कठड्यावर तो मनापासून बसला. शेवटच्या वळणावर पेटीट मार्टिनिकची ‘लेडी अगाथा’ थोडीशी पुढे होती. आता वारा पाठीशी घेऊन शीड मुद्दाम पलटायचं होतं, तेही त्या बांधलेल्या वाशासकट. ऑझबर्टने डोळे मिटले, मग बायकोचं काम बघायला हवं म्हणून उघडले.

“रँडल, ओढ. हळू. अजून. धर!”

वासा इंचाइंचाने मधोमध आला. आयोनाने सुकाण जरासं दाबलं, शीड एकदा फडफडलं. “आता सोड, हळूहळू सोड,” असं ती म्हणत गेली आणि वासा पलीकडे गेला, पाळण्यातलं पोर कुशीवर वळवावं तसा. कुठेही धक्का नाही, आवाज नाही. वासा रोखणारी ती दोरी तिने स्वतः बांधली. रँडलच्या तोंडून निघून गेलं, “जमलं की!” ऑझबर्टचा ऊर भरून आला. ही बाई आपल्याबरोबर एका ताटात जेवते, याचं त्याला त्या क्षणी खरंच नवल वाटलं.

पण ‘लेडी अगाथा’ अजून पुढेच होती. आता वजन नको होतं. विंडवर्डात अशा वेळी जड गडी आपण होऊन उतरतात, मागून येणारी मच्छीमार होडी त्यांना उचलते. आयोनाने बोटीवर नजर फिरवली.

“ऑझबर्ट, उतर.”

“कुठे?”

“समुद्रात.”

“आयोना, कालच्या दोरीवरून अजून राग आहे का तुझ्या मनात?”

“नाही रे राजा. तू फक्त जड आहेस.”

ऑझबर्टने नाक धरलं आणि उडी मारली. वर आला तेव्हा ‘रोझमंड’ मोकळी झाल्यासारखी पळत होती. मच्छीमारांनी त्याला जाळ्यात घालून उचलला तेव्हा किनाऱ्यावर जो गलका उठला, त्यावरूनच त्याला कळलं की एका नाळेच्या अंतराने ‘रोझमंड’ जिंकली. तो होडीत उभा राहून नाचायला लागला. मच्छीमारांनी त्याला खाली बसवला, कारण होडी उलटत होती.

तो किनाऱ्यावर पोचला तेव्हा गावाने आयोनाला खांद्यावर घेतलं होतं, टॅन्टी विडा चाकूने वाशावरच्या दोऱ्या कापत होती (“गाठी कुणा मेल्याने मारल्यात एवढ्या!”), आणि कॅप्टन फर्गस पुन्हा पुन्हा नाक शिंकरत होते. ऑझबर्टचे डोळे भरून आले होते. खारं पाणी, असं त्याने विचारणाऱ्याला सांगितलं. मग तो भिजल्या कपड्यांनी सासऱ्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. आपल्या उडीबद्दल कुणीतरी दोन शब्द बोलेल, असं त्याला आतून वाटत होतं.

आयोना खाली उतरली. म्हाताऱ्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“पुढच्या वर्षीपण तूच,” कॅप्टन म्हणाले. “काही बदलायचंय का बोटीत? वासा नवा करू. अजून काही?”

आयोनाने ओल्याचिंब नवऱ्याकडे मायेने बघितलं.

“काही नाही, बाबा. फक्त ऑझबर्टला जरा आधी उतरवायला हवा.”

कॅप्टनने गंभीरपणे मान हलवली. “वळणाच्या आधी?”

“शनिवारी,” आयोना म्हणाली.